बाईंचा पाण्याचा मजकूर

बाई,

परवा हदगावला तुम्ही गेल्यानंतरच्या जलदान विधीत मला बोलायला उभं केलं आणि मी फार छान बोललो. छान बोलण्याचंच तर जन्मभर खाल्लं. त्रिशरण-पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू ओतलं, सगळे हात जोडून बसले होते, आणि मग कुणीतरी म्हणालं, "लातूरचे बिराजदार सर आलेत. बाईंच्या संगं काम केलंय त्यांनी. दोन शब्द बोलतील." मी उठलो. "सुमनबाईंनी शब्द विकले नाहीत, शब्द पाळले," अशी सुरुवात केली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ते वाक्य मला तिथल्या तिथं सुचलं असं लोकांना वाटलं असेल, पण नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलल्यापासून मी ते मनात घासूनपुसून ठेवलेलं होतं.

विधी आटोपल्यावर भीमराव माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले. तुमचे यजमान जन्मभर एसटीच्या चौकशी खिडकीत बसलेले, त्यामुळे विचारलं तेवढंच सांगायची सवय. ते म्हणाले, "लई चांगलं बोललात, बिराजदार. सुमन असती तर म्हनली असती, बरं, आता मुद्द्याचं सांगा."

मुद्द्याचं सांगायचं राहून गेलंय, बाई. कितीतरी वर्षं राहिलं. आता तुम्हीच नाही, मग कशाला उकरून काढायचं, असंही वाटतं. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, ऑफिसात जाऊन बसलं की भर दुपारी डोळे मिटायला लागतात. एवढा थकवा काही कामाचा नसतो, हे मला कळतं. म्हणून लिहायला बसलोय. चकचकीत करणार नाही. जमेल तेवढं सरळ लिहितो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी लग्नपत्रिका छापायला आल्यात. आपलं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या वरची खोली, गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात. मी तिथं वीस वर्षं जाहिराती लिहीत होतो. हँडबिलं, भिंतीवरच्या ओळी, रिक्षातून फिरणाऱ्या भोंग्याचा मजकूर, मग फ्लेक्स. उदगीरला वडलांचं कापडाचं दुकान होतं, तिथल्या पाटीवर दसऱ्याला खडूनं पहिली ओळ लिहिली तेव्हापासून दुसरं काही केलंच नाही. मग दिवस बदलले. दुकानदारांची मुलं पुण्याला शिकून आली आणि म्हणायला लागली, काका, ओळ झकास आहे, पण वेबसाइटला कंटेंट पाहिजे, माहितीपत्रकाला कंटेंट पाहिजे. मला चार ओळींच्या पुढं दम लागायचा. छापखानेवाल्यानं सांगितलं, हदगावकडच्या एक बाई आहेत, शाळेत होत्या, यजमानांच्या बदलीमुळं नोकरी सोडून लातूरला आल्यात, लिहितात सुरेख.

त्याच आठवड्यात आपली कार्डं छापली. माझ्यावर कॉपीरायटर, तुमच्यावर कंटेंट रायटर. तुम्ही दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवलीत आणि विचारलंत, "ह्या दोघांत फरक काय हाय?" मी पुण्याकडून ऐकलेलं सांगितलं. कॉपी विकते, कंटेंट समजावतो. कॉपीला घाई असते, गिऱ्हाइकानं आजच्या आज उठून यायला पाहिजे. कंटेंट त्याच्याजवळ निवांत बसतो, काय आहे, कसं आहे, कुणासाठी आहे ते सांगतो, आणि घ्यायचं की नाही ते त्याच्यावर सोडतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "म्हंजे तुमी मानूस दारापत्तुर आनून सोडनार, अन् आत काय हाय ते मी सांगायचं. अन् आत काहीच नसलं मग?" मी हसून चहा सांगितला. त्या प्रश्नावर आपण पुढं वर्षानुवर्षं भांडलो.

तुमची कामाची तऱ्हा बघून मी सुरुवातीला हैराण व्हायचो. वापरलेल्या तिघांना विचारल्याबिगर एक ओळ लिहायची न्हाई, हा तुमचा नियम. पंख्याचं माहितीपत्रक असो की पिठाच्या गिरणीचं, पिशवी खांद्याला लावून तुम्ही निघालात. एकानं सांगितलं ते ऐकीव, दुसऱ्यानं सांगितलं तर शंका, तिसऱ्यानंही तेच सांगितलं तर मग वहीत. मी आपला खुर्चीत बसून, चहा घेऊन, छताकडं बघून ओळी पाडायचो. माझं काम दहा मिनिटांत व्हायचं, तुमचं दहा दिवस चालायचं, आणि क्लाएंट माझ्या नावानं शंख करायचे.

साडीवाल्या अप्पांचं आठवतं? आमच्याच समाजातले, उदगीरचे, त्यामुळं माझ्यावर हक्क जास्त. मी लिहिलं होतं, 'रंग पक्का, नातं पक्कं.' अप्पा खूश. आणि आतल्या पानावर तुम्ही लिहिलंत, 'लाल आणि जांभळ्या साडीचा पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवून वेगळी धुवावी.' अप्पा कागद घेऊन धापा टाकत जिना चढून आले. "बाई, माझ्याच कागदावर माझंच दुकान बुडवायलात का?" तुम्ही विचारलंत, "अप्पा, रंग जातो का न्हाई?" अप्पा म्हणाले, "जातो की." तुम्ही म्हणालात, "मग?" दोन महिन्यांनी बायका दुकानात येऊन मागायला लागल्या, ती मिठाच्या पाण्यातली साडी दाखवा. अप्पांनी मला तोंडानं काही सांगितलं नाही, पण पुढच्या दिवाळीला कागद तसाच्या तसा छापला. माझी ओळ मात्र बदलली. मी जळलो होतो, बाई. हे कधी बोललो नाही, आज बोलतो.

आणि तुमची ती दुसरी सवय, जिच्यामुळं हे सगळं घडलं. प्रत्येक माहितीपत्रकाच्या शेवटी तुम्ही स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकायला लावायचा. 'वरील माहिती सुमन वाघमारे यांनी लिहिली आहे. शंका असल्यास विचारावे.' जगात कुठला कंटेंट रायटर असं करतो? मी म्हणायचो, बाई, आपण पडद्यामागची माणसं, आपलं नाव कुठं येत नसतं. तुम्ही म्हणायचा, "सही न्हाई तर कागद कुनाचा? पोरांच्या प्रगतीपुस्तकावर मी सही करत व्हते. कमी मार्क दिले तरी करत व्हते." लोक फोन करायचेसुद्धा. गिरणीच्या पट्ट्याची जाडी किती, हे एक माणूस निलंग्याहून तुम्हाला विचारत होता आणि तुम्ही भाजी निवडता निवडता सांगत होतात. हदगाव, भोकर, तामसा या भागात तर तुमच्या हाताखालून शिकून गेलेली माणसं घरटी एक होती. तिकडं तुमच्या नावाला माझ्या दहा ओळींची किंमत होती, हे मला चांगलं माहीत होतं.

एक भांडण तर आपलं अर्धंच राहिलं. उदगीर जिल्हा व्हायची चर्चा पुन्हा सुरू झाली होती, आणि गावाकडची माणसं माझ्याकडं घोषणा मागायला आली. गाव माझं, मी उत्साहानं लिहून दिलं, 'नकाशावर एक रेघ, उदगीरच्या कामाला वेग.' तुम्ही वाचून म्हणालात, "रेघ ओढल्यावर पानी येनार हाय का? कलेक्टर कुठं बसनार, दवाखाना कवा व्हनार, देवणीच्या मानसाला किती खेटे कमी पडनार, ते लिवा की." मी चिडलो. म्हणालो, बाई, मोर्च्यात माणूस दवाखान्याचा तक्ता हातात धरून चालत नसतो. तुम्हीही ऐकेनात. वहीत प्रश्नांची यादी काढलीत, लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांना काय मिळालं ते विचारत फिरलात. तुम्ही गेलात, जिल्हा अजून झाला नाही, ते पानही तसंच राहिलं. खरं सांगू, माझी घोषणा आज भिंतीवर बघितली की मलाच तुमचे प्रश्न आठवतात. पण मोर्चा घोषणेवरच निघतो, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

आता ते वर्ष. रेल्वेनं पाणी आलं ते. सगळ्या लातूरकरांच्या पाचावर धारण बसली होती, नळ म्हणजे भिंतीतला एक लोखंडी तुकडा होऊन गेला होता. अशात एका क्लासवाल्या सरांचं काम आलं. त्यांचं नाव लिहीत नाही. क्लासबरोबर मुलींचं वसतिगृह होतं, आणि पाण्याच्या बातम्या वाचून बाहेरगावचे पालक मुली पाठवायला तयार नव्हते. आधीच्या मुली घरी निघून चालल्या होत्या. सरांना चार पानांचं माहितीपत्रक पाहिजे होतं, नांदेड, भोकर, हदगाव, किनवट, सगळीकडं पाठवायला. मी पहिल्या पानाची ओळ लगेच दिली. 'तुम्ही फक्त अभ्यास करा, पाण्याचं आम्ही बघतो.' सर म्हणाले, व्वा. चांगली ओळ होती. अजूनही चांगली वाटते, हेच तर दुखणं आहे.

तुम्ही वसतिगृहात जाऊन बसलात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, टँकर येण्याच्या दिवशी एकदा आणि न येण्याच्या दिवशी एकदा. मुलींच्या बादल्या मोजल्यात. परत येऊन लिहिलंत ते मला अजून पाठ आहे. 'वसतिगृहाच्या बोअरला सध्या पाणी नाही. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, कधी एकदाच. प्रत्येक मुलीला वापरायला रोज एक बादली मिळते. प्यायचं पाणी जारमधून येतं, ते उकळायची सोय नाही. ज्या मुलींची तब्येत नाजूक आहे त्यांनी या वर्षी घरूनच अभ्यास केलेला बरा. व्यवस्था सुधारली की कळवू.'

मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पहिल्या पानावर मी म्हणतोय पाण्याचं आम्ही बघतो, आणि तिसऱ्या पानावर तुम्ही म्हणताय घरीच राहा. मी म्हणालो, "बाई, हे माहितीपत्रक आहे का सुट्टीचा अर्ज?" तुम्ही हसला नाहीत. "बिराजदार, पोरी कावळ्यावानी जारला तोंड लावून बसल्या व्हत्या," एवढंच म्हणालात, कागद माझ्या टेबलावर ठेवलात आणि गेलात. भीमरावांना ताप होता त्या दिवशी.

आता ऐका, बाई. तो मजकूर सरांनी कधी बघितलाच नाही. मी त्यांना दाखवला नाही. दाखवला असता तर कदाचित ते चिडले असते, कदाचित अप्पांसारखे मागाहून मानले असते, कोण जाणे. मी वाट बघितली नाही. खाली छापखान्यात जाऊन तुमच्या सहा ओळी काढायला लावल्या. आणि जागा मोकळी दिसायला लागली म्हणून तिथं तीन ओळी स्वतः लिहिल्या. 'वसतिगृहात पाण्याची सोय आहे. टँकर नियमित येतो. प्यायला जारचं पाणी मिळतं.' यमक नाही, चमक नाही. मुद्दाम तुमच्यासारखं लिहिलं, शाळेच्या सूचनाफलकासारखं. मला ते इतकं बेमालूम जमलं की मी स्वतःवरच खूश झालो. खाली तुमचं नाव आणि नंबर तसाच राहू दिला.

छापून आल्यावर तुम्ही तिसरं पान उघडलंत आणि विचारलंत, "माझं पान्याचं कुठं गेलं?" मी म्हणालो, "सरांनी काढायला लावलं. मी खूप सांगून बघितलं." कपाटातली फाईल शोधत शोधत सांगितलं, तुमच्याकडं न बघता.  छापखान्यातल्या उरलेल्या कागदांच्या पट्ट्या कापून आणल्यात, प्रत्येकीवर तो मजकूर हातानं लिहिलात आणि शिल्लक गठ्ठ्यांवर डिंकानं चिकटवत बसलात. दोन दिवस. बोटं काळी-चिकट झाली होती तुमची. सर चिडले, काम गेलं, ते काही मोठं नाही, कामं येतात आणि जातात. पण नांदेडकडचे गठ्ठे आदल्या दिवशीच एसटीच्या पार्सलनं गेले होते.

भोकरचे मारोतराव टेलर आठवतात का, असं तुम्हाला विचारणं म्हणजे कहरच आहे. त्यांची सविता त्या माहितीपत्रकावर आली. हुशार मुलगी, डॉक्टर व्हायचं होतं तिला. तिथल्या पाण्यानं तिला कावीळ झाली, परीक्षेला महिना राहिला असताना घरी न्यावं लागलं, परीक्षा हुकली. मारोतराव ते माहितीपत्रक घडी घालून खिशात घेऊन लातूरला आले. आपल्या खोलीत आले, कुणाला नमस्कार नाही, काही नाही. कागद तुमच्यापुढं पसरला आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "बाई, हे तुमी लिवलंय?"

मी माझ्या टेबलाशी होतो. तीन पावलांवर. समोर अर्धा कप चहा होता.

"फोन करून विचारायचं तरी व्हतं," तुम्ही म्हणालात. मारोतराव म्हणाले, "कामून विचारू? खाली तुमचं नाव व्हतं. माझ्या धाकट्या भावाला तुमी शिकवलंय. तुमचं नाव असल्यावर इचारायचं काय राहिलं?"

तुम्ही कागद हातात घेतलात, नीट वाचलात, जणू पहिल्यांदाच वाचताय. मग म्हणालात, "कागद माझा हाय, मारोतराव. चूक माझी हाय. पोरीला कसं हाय आता?" ते उभ्या उभ्या रडले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. मी तो अर्धा कप चहा संपवला, बाई. गार झालेला चहा घोट घोट घेत संपवला, कारण तोंडात काहीतरी असेपर्यंत बोलावं लागत नाही.

त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आलात, पंप सेटच्या कागदाला बसलात. सविताची परीक्षा पुन्हा देणं झालं नाही, पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, हेही तुम्हीच मला सांगितलंत, तिच्या लग्नाला जाऊन आल्यावर. मी मान हलवली. मग भीमराव निवृत्त झाले, तुम्ही हदगावला परत गेलात, सणासुदीला फोन व्हायचा. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगायचं. तुम्ही विचारायचा, "काय म्हनतंय लातूर, पानी येतंय का?" आणि मी म्हणायचो, "येतंय, आठ दिवसाला." की झालं, फोन संपला.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर निवांत होतो, की तुम्हाला माहीत नाही. सरांनी काढायला लावलं, हेच तुम्ही धरून चाललाय. परवा हदगावला जाताना गाडीत, ते शब्द पाळण्याचं वाक्य घासता घासता, एकदम ध्यानात आलं. पिठाच्या गिरणीसाठी तीन ठिकाणी विचारणारी बाई, स्वतःच्या मजकुराबद्दल एकाच माणसाचं ऐकून गप्प बसेल? तुम्ही सरांना विचारलंच असणार. खाली छापखान्यात विचारलंच असणार. मारोतराव यायच्या कितीतरी आधी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि तरी मी तीन पावलांवर बसलेलो असताना तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं म्हणायला फार बरं वाटतं. बोललो नसतो.

कामून केलंत, बाई? माझी दया आली? की सही म्हणजे सही, खाली नाव आहे म्हणजे कागद आपलाच, असा तुमचा मास्तरकीचा हट्ट? रागवायला पाहिजे होतं तुम्ही. जिन्यातून खाली ढकलून द्यायला पाहिजे होतं. मी तुमचा फार ऋणी आहे, आणि त्या मोठेपणाचा मला रागही येतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीनं दमून गेलोय.

भीमरावांचं ते मुद्द्याचं सांगा ऐकल्यावर मी हदगावहून सरळ नांदेडला गेलो नाही. वाकडी वाट करून तामसामार्गे भोकरची गाडी धरली. मारोतरावांचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. केस पांढरे झालेत. शाळेच्या गणवेशाच्या कापडावर पट्टी ठेवून खडूनं रेघा मारत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं कुठं होतं. मी सांगितलं, लातूरचा बिराजदार, वाघमारे बाईंच्या ऑफिसातला.

"बाई गेल्या म्हनं," ते म्हणाले. "कळलं मला. जायचं व्हतं, पन शाळंचं काम अंगावर हाय. लई चांगल्या बाई. सविताच्या लग्नात दिवसभर राबून राहिल्या व्हत्या, घरच्यावानी."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. बाईंनी पाण्याचं खरं लिहिलं होतं, मी ते काढलं, खोट्या ओळी मी लिहिल्या, खाली त्यांचं नाव मी राहू दिलं, मारोतराव, तुम्ही आलात तेव्हा मी तिथंच होतो आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी घोळवल्याशिवाय, सुरुवातीला एखादं चांगलं वाक्य ठेवल्याशिवाय बोललो असेन.  मारोतराव ऐकत होते, पण खडू थांबला नव्हता.

"तुमी काय काम करता?" त्यांनी विचारलं.

"जाहिराती लिहितो."

"हां," ते म्हणाले. पट्टी उचलून त्यांनी दुसरीकडं ठेवली. "बाईंनी तर मला तोंडावर सांगितलं, कागद माझा हाय, चूक माझी हाय."

"त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, मारोतराव. मला वाचवायला."

"तुमाला? कामून?"

 त्यांनी खडू खाली ठेवला आणि फार मायेनं, घरी आलेल्या पाहुण्याला समजवावं तसं बोलले. "सर, मला कळतंय तुमी कामून सांगून राहिलात ते. बाई गेल्या. आता त्यांच्या नावाला डाग नको, असं तुमाला वाटतंय. तुमी भली मानसं. पन बाई खोटं बोलत नव्हत्या, सर. हे भोकरात कुनालाबी इचारा. अन् मी त्यांस्नी कवाच माफ केलंय. सविताच्या लग्नातच केलं. तुमी नका जिवाला लावून घेऊ."

त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, नको. आणखी एकदा सांगून बघितलं, छापखान्याचं नाव घेतलं, पट्ट्या कशा चिकटवल्या ते सांगितलं. ते हो हो म्हणत राहिले. मला एसटीची वेळ सांगितली, स्टँडपर्यंत सोडायला माणूस देऊ का विचारलं.

लातूरच्या गाडीत बसलो ते डोळे मिटूनच. माझ्या चुकीची माफी तुम्हाला मिळून गेलीय, बाई, आणि ती आता तुमच्याकडून परत घ्यायची सोय नाही. मारोतरावांचा मला राग आला नाही. त्यांच्यापुढं एकीकडं तुमचा शब्द होता आणि एकीकडं माझा. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तुमचंच ऐकलं असतं.